रजेचा अर्ज लेखी द्यावा
जळगावच्या कापड दुकानात काम करणाऱ्या ताईंना कानबाईच्या रोटांसाठी (खान्देशातल्या देवीच्या घरगुती सणासाठी) रजा नाकारली गेली, हे वाचून वाईट वाटले. श्रावणातल्या त्या रविवारी सून घरी नसणे म्हणजे काय, हे खान्देशातल्या मालकाला सांगावे लागू नये. मात्र ‘तोंडी विनंती करत राहा’ हा त्यांना इथे दिलेला सल्ला मला पटत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ त्या दुकानाला लागू असेल, तर वर्षाला ८ नैमित्तिक रजा, तसेच वर्षभरात २४० दिवस काम केले असल्यास पुढील वर्षी दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा हा त्यांचा हक्क आहे. म्हणून अर्ज लेखीच, शक्यतो १५ दिवस आधी द्यावा, प्रतीवर पोच घ्यावी आणि नकारही लेखी मागावा. सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार करताना हेच कागद उपयोगी पडतील.