शब्दचर्चा : लंब रेषांचा 'ऋण व्यस्त' चढ

प्रश्न : दोन रेषा एकमेकींना लंब असतील तर एकीचा चढ (उभं अंतर भागिले आडवं अंतर) दुसरीच्या चढाचा ऋण व्यस्त असतो, असा नियम आहे. 'व्यस्त' इथे कोणत्या अर्थाने? आणि पहिला चढ मुळातच ऋण असेल तर?

उत्तर : हा व्यस्त म्हणजे गुणाकार व्यस्त. अंश-छेदांची अदलाबदल करायची, ३/४ चा ४/३. 'कामात व्यस्त'मधल्या अर्थाशी त्याचा संबंध नाही. 'व्यस्त प्रमाण'मधल्या व्यस्ताशी आहे. 'ऋण' म्हणजे इथे चिन्ह बदला, एवढंच. त्यामुळे −२/५ चा ऋण व्यस्त ५/२, चक्क धन. 'उत्तर नेहमी ऋण' असा समज या शब्दामुळेच होतो. 'विरुद्ध चिन्हाचा व्यस्त' म्हटलं तर तो होणार नाही.

प्रश्न : पण दोन्ही का लागतात? नुसता व्यस्त का पुरत नाही?

उत्तर : आरंभबिंदूपासून (४, ३) या बिंदूपर्यंत रेषा काढा. आडवं ४ गेलो, वर ३ चढलो, म्हणून चढ ३/४. आता ही रेषा आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंशांत फिरवा. आडवे ४ उभे होतात आणि उभे ३ आडवे होतात, पण ते डावीकडे पडतात. बिंदू येतो (−३, ४) वर आणि चढ होतो −४/३. अदलाबदलीतून 'व्यस्त' आला, डावीकडे पडल्यामुळे 'ऋण' आला. दोन्ही चढांचा गुणाकार −१.

मला याहून आवडणारी रीत आरशांची आहे. एक्स आणि वाय अक्षांच्या बरोबर मधून ४५ अंशांत जाणारी रेषा हा पहिला आरसा. त्यात (४, ३) ची प्रतिमा (३, ४), म्हणजे चढ नुसता व्यस्त झाला. वाय-अक्ष हा दुसरा आरसा. त्यात (३, ४) चा (−३, ४) होतो, म्हणजे चिन्ह बदललं. आरशांमधला कोन ४५ अंश, आणि अशा दोन परावर्तनांनी आकृती त्याच्या दुप्पट कोनातून फिरते. झाला काटकोन! 'ऋण' आणि 'व्यस्त' या दोन स्वतंत्र क्रिया आहेत आणि नियमाच्या नावात दोन्ही जशाच्या तशा उतरल्या आहेत. एकच आरसा वापरला तर रेषा सहसा लंब होत नाही.

प्रश्न : आडव्या रेषेचा चढ ०. त्याचा व्यस्त?

उत्तर : नाही. आणि तिला लंब असलेल्या उभ्या रेषेला तर चढच नसतो, कारण छेदात ० येतो. या एका जोडीला गुणाकार −१ चा नियम लागू होत नाही. फिरवण्याची रीत मात्र चालते : (५, ० ) चा (०, ५).

आणखी एक. आलेखावर दोन्ही अक्षांची प्रमाणं वेगळी घेतली, तर गुणाकार −१ येऊनही रेषा तिरक्या छेदताना दिसू शकतात. तिथे गणित बरोबरच असतं, कागद एका दिशेला ताणलेला असतो.