मदत हवी आहे: नान्नजच्या माळावर सायकल, लांडगा आणि बिबट्या

मंडळी, सोलापूरहून नान्नजकडे पहाटे सायकलवर जाणारं कुणी आहे का? परवा माळढोक अभयारण्याच्या अलीकडे बोरीच्या झुडपाआडून लांडगा निघाला. थांबला, कान टवकारून बघितलं आणि दुडक्या चालीनं गवतात गेला. लांडगा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. मला खरी धास्ती उसातल्या बिबट्याची आहे. २०२० साली करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती. समोर आलाच तर पळायचं नाही, सायकल आडवी धरून, मोठ्यानं ओरडत मागं सरकायचं, एवढं ठाऊक आहे. पण मेंढपाळांची कुत्री मागं लागली तर काय करता? सोबत बारा वर्षांचा भाचा येणार आहे. उसाच्या पट्ट्यात त्याला पुढं ठेवू की मागं? आणि किती वाजल्यानंतर निघणं बरं?