अनुभव धागा : युनियनमुळे तुमच्या पदरात काय पडले?

संघटना चांगली की वाईट, हा वाद येथे नको. पगार, बोनस, रजा यांपैकी काय संघटनेमुळे मिळाले आणि काय तिच्याविना, तेवढे लिहावे. कंपनीचे नाव टाळावे.

वाळूज, फिटर : आमच्याकडे दर तीन वर्षांनी वेतनकरार होतो. मागच्या वेळी व्यवस्थापनाने चौदा महिने चालढकल केली. एकेकट्याने साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हे सुटले नसते. करार झाला तेव्हा फरकाची रक्कम एकदम हातात आली आणि मुलीच्या डिप्लोमाची फी भरता आली. मात्र माझ्याच लाईनवर तेच बोल्ट आवळणाऱ्या कंत्राटी मुलाला त्यातला एक रुपयाही मिळाला नाही. गेटवर पेढे वाटले, तेव्हा पेढा हातात धरून तो म्हणाला, "काका, आमचा करार कधी?" आमची युनियन वर्गणीची पावती फक्त कायम कामगारांच्या नावे फाडते, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

चिकलठाणा, टूलमेकर : हातात कसब होते, म्हणून मी युनियनविनाच चार कंपन्या बदलून पगार वाढवून घेतला. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षे मात्र एकाही ठिकाणी भरली नाहीत.

जालना, हमालाचा मुलगा : वडील मोंढ्यात पोती वाहत. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली त्यांच्या टोळीची नोंदणी झाली आणि मजुरीवरची लेव्ही, म्हणजे हमालांच्या सोयींसाठीची जादा रक्कम, व्यापाऱ्यांना माथाडी मंडळाकडे भरावी लागू लागली. भविष्यनिर्वाह निधी हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. कायदा होताच, पण नोंदणीसाठी टोळीला संघटनेमार्फतच खेटे घालावे लागले.

धारूर, ऊसतोड कुटुंबातील शिक्षिका : जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती संघटनांनी साखर कारखान्यांच्या संघाशी केलेल्या वाटाघाटींतून. एकट्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या एका जोडीला, कोण विचारतो? पण ही वाढ टनावर असते. बाळंतपण, आजारपण, पाठीचे दुखणे टनात मोजले जात नाही. आई तापाने फणफणून पालात पडली, तर त्या दिवसाचा खाडा उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या कर्जात, चढत असे. नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजतात, त्यामुळे मुकादमाच्या वहीत तिच्या नावाचे पानच नव्हते. दोघांचाही हिशेब वडिलांच्याच नावावर होता.