मदत हवी आहे: किंडरगार्टनच्या वर्गात हॅलोवीन, पण एकही मूल बाजूला बसायला नको

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये किंडरगार्टनला शिकवते, दुसरंच वर्ष आहे. वर्गात 19 मुलं, सगळी पाच-सहा वर्षांची. 2026 मध्ये 31 ऑक्टोबर शनिवारी येतोय म्हणून शाळेत सगळं शुक्रवारी 30 लाच, जेवणाच्या सुट्टीनंतर कॉस्च्यूम घालून परेड आणि मग वर्गात पार्टी. मी साताऱ्यात वाढले, हॅलोवीन म्हणजे काय ते इथे आल्यावर दारात आलेल्या पोरांना चॉकलेटं वाटताना कळलं, त्यामुळे लहानपणीचं असं आठवून काही करावं तर गाठीशी काहीच नाही.

आता खरं कारण सांगते. गेल्या वर्षी वर्गात एक मुलगा होता, त्यांच्या घरी धर्मामुळे हॅलोवीन करत नाहीत, आईने आधीच चिठ्ठी दिली होती. तर परेडच्या वेळी त्याला वर्कशीट देऊन लायब्ररीत बसवलं. तो परत आला तेव्हा सगळ्यांच्या टेबलावर गुडी बॅग, कुणी डायनासोर कुणी राजकन्या, आणि त्याची जागा तेवढी रिकामी. रडला नाही की काही विचारलं नाही, हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिला. मला ते आजही आठवलं की पोटात तुटतं. ती रिकामी जागा मला आधी दिसायला हवी होती.

यंदा अशी दोन मुलं आहेत. शिवाय एकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, एक जण मुखवटा बघितला तरी टेबलाखाली जातो (शाळेत मुखवटे आणि खोट्या तलवारी-बंदुका चालत नाहीत, पण भाऊबहीण घरी घालतातच की), आणि दोन-तीन घरं अशी आहेत की एका दिवसासाठी 30-40 डॉलरचा कॉस्च्यूम घ्या असं मी त्यांना सांगूच शकत नाही.

परेड शाळेची आहे, ती मी बदलू शकत नाही. पण वर्गातला दीड तास माझा आहे. त्यात असं काय करू की ज्यात भूत-चेटकीण नाही, खाऊ नाही, तरी पोरांना मजा येईल आणि ती दोघंही पहिल्यापासून शेवटपर्यंत वर्गातच असतील? कुणी केलं असेल तर बारीकसारीक सगळं सांगा प्लीज.

प्रतिसाद 1:
अगं भोपळा घे आणि फक्त भोपळाच कर! मी टेक्सासमध्ये प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) आणि किंडरला सहा वर्षं हेच करतेय. तोंड कोरायचं नाही, वरचं झाकण तूच आधी कापून ठेव. मोठ्या टबात पाणी घेऊन विचार बुडेल की तरंगेल, सगळी ओरडतात बुडेल, आणि तो तरंगतो कारण आतून पोकळ. मग दोऱ्याने घेर मोजायचा. मग हात घालून बिया काढायच्या, काहींना तो गिळगिळीतपणा नको वाटतो त्यांना चमचा दे. बिया धुवून कागदाच्या कपात दहा-दहा मोजायच्या, नाहीतरी किंडरला वर्षअखेर दहा-दहाने शंभरपर्यंत यायला लागतंच, म्हणजे प्रिन्सिपॉलनाही उत्तर तयार. खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर, छोटा चेंडू. अ‍ॅलर्जीवाल्या मुलांसाठी दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवायची (म्हणजे इथे खाऊ सोडून दुसऱ्या वस्तूही मिळतात) पद्धत 2014 पासून देशभर आहे, त्यामुळे पालकांना हे नवीन वाटणार नाही. आणि त्या दोन घरी आत्ताच फोन कर, चिठ्ठीची वाट बघू नकोस. काही घरांना भोपळा चालतो, काहींना त्या दिवशी तोही नको असतो, मग हेच सगळं मंगळवारी कर.

प्रतिसाद 2:
ताई, लेकीकडे जाऊन भोपळ्यात बसून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगा ना! वाघ आहे, कोल्हा आहे, भीतीही आहे पण म्हातारी सुखरूप घरी पोचते. मी जर्मनीत किटामध्ये (म्हणजे पाळणाघर-बालवाडीत) काम करते, आमच्याकडे मुलांचा मोठा सण म्हणजे 11 नोव्हेंबरचा सेंट मार्टिन, आधी दोन आठवडे पोरं कागदाचे कंदील करतात आणि अंधारात गाणी म्हणत फिरतात. त्याच दिवसांत ही गोष्ट मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितली होती, 'टुणूक टुणूक' तेवढं मराठीत ठेवलं, महिनाभर पोरं तेच म्हणत उड्या मारत होती.
आणि भोंडल्याची खिरापत ओळखतो तसं करा. बंद डबा वाजवायचा, आत काय ओळखा. एकात बिया, एकात वाळकी पानं, एकात दगड.

धागाकर्ती:
दोघींचे खूप खूप आभार. डबा वाजवायचं मला कसं सुचलं नाही, दरवर्षी आईच्या खिरापतीचा डबा मीच वाजवायचे! एका आईशी आज बोलले, त्यांना भोपळा आणि गोष्ट चालेल पण 30 तारीख नको. म्हणून पूर्ण भोपळ्याचा कार्यक्रम मंगळवारी 27 ला ठेवतेय. दुसऱ्या घरी उद्या फोन करणार.
आता राहिली फक्त परेडची 20 मिनिटं. त्या वेळात या दोघांना लायब्ररीत न बसवता काय करता येईल? माझी पॅरा (वर्गातली मदतनीस) त्यांच्याबरोबर थांबायला तयार आहे. कुणाला काही सुचलं तर लिहा.