मदत हवी आहे: विश्रामबागवाड्याची केस स्टडी. ड्रॉइंग झाली, विश्लेषण कसं करायचं?

नमस्कार. मी पुण्यात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला एका जुन्या इमारतीचं विश्लेषण करायचं आहे. आमच्या गटाने विश्रामबागवाडा घेतला. मोजमापं घेऊन प्लॅन, सेक्शन (इमारतीचा उभा छेद), एलिव्हेशन (बाहेरून समोरचं दृश्य) काढून झाली. रिव्ह्यूला सर म्हणाले, "वाडा कसा आहे ते कळलं. असा का आहे, ते कुठल्या शीटवर आहे?" तिथे आम्ही अडलोय.

मुख्य अडचण अशी की हा वाडा एका काळाचा राहिलेलाच नाही. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ मध्ये बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत काही भाग जळाला, पुढे नगरपालिकेचं कार्यालयही आलं. मग विश्लेषण कुठल्या वाड्याचं करायचं? आणि सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब, कोरीव सज्जा यांचं नुसतं वर्णन न करता त्यांच्याबद्दल काय मांडता येईल? सबमिशन जवळ आलंय, पण घाईत काहीतरी उरकायचं नाहीये. वाडा मनापासून आवडलाय.

प्रतिसाद १
सगळ्याचं विश्लेषण करायला जाऊ नका. एकच प्रश्न धरा आणि प्रत्येक ड्रॉइंगला तोच विचारा. तुमच्यासाठी मी 'खण' सुचवेन. वाड्यात दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि ते ठरतं लाकडी तुळई किती लांब पेलू शकते त्यावर. प्लॅनवरून भिंती पुसून टाका, फक्त खांब ठेवा. आता ओसरी किती खण, दिवाणखाना किती खण, खांब कुठे गाळलेत ते बघा. खांब गाळला की वरच्या तुळईचा आकार बदलतो का, हे सेक्शनमध्ये तपासा. मग एकच खांब मोठ्या स्केलला काढा: खाली दगडी तळखडा, वर खांब, हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी ब्रॅकेट), तुळई, कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत). तळखडा असतो तो लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं म्हणून. कोरीवकामाचंही तसंच: ते कुठल्या खांबांवर आहे आणि कुठे अजिबात नाही, हे प्लॅनवर रंगवा. मालकाला कुणापुढे काय मिरवायचं होतं, ते त्या नकाशात दिसेल.

प्रतिसाद २
वाड्याच्या आतला उघडा चौक सोडू नका! पुणे साधारण १८.५ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४८ अंशांवर असतो, तर मेच्या मध्यावर जवळजवळ थेट डोक्यावर. चौकाच्या सेक्शनवर या दोन्ही रेषा ओढा आणि ऊन ओसरीत कुठवर शिरतं ते मोजा. मग प्रत्यक्ष जाऊन सकाळ, दुपार, संध्याकाळ सावलीची कड नोंदवा आणि माणसं कुठे उभी राहतात, कुठे टेकतात तेही. पावसात पागोळ्या कुठे पडतात हेही बघाच.

प्रतिसाद ३
'कुठला वाडा' याबद्दल: एकच प्लॅन चार वेळा छापा. पेशवाई, पाठशाळा, कार्यालय, आज. प्रत्येकावर प्रवेश कुठून होता आणि बाहेरच्या माणसाला कुठवर जाता येत होतं, एवढंच दाखवा. जे पुराव्याने कळतं ते सलग रेषेत, तुमचा तर्क तुटक रेषेत. हा फरक ज्यूरीला (काम तपासणाऱ्या परीक्षकांना) पहिल्या नजरेत दिसला पाहिजे. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे, चालत जाता येईल. तिथल्या ग्रंथालयात चौकशी करा.

धागाकर्ती
सर्वांचे खूप आभार! खण हाच प्रश्न धरतोय. चार प्लॅनच्या शीटवरही खांबांची तीच जाळी ठेवू, म्हणजे वापर बदलला तेव्हा भिंती खांबांच्या रेषेवरच आल्या की मधेच, हे तपासता येईल. एक शंका उरली: कडीपाट जिथे नंतरच्या छताने झाकलाय, तिथे तुळईचा आकार कसा दाखवायचा?

प्रतिसाद १
तुटक रेषेत काढा आणि शेजारी लिहा, 'लगतच्या खणावरून'. झाकलेलं काही उचकटू नका.