सशांवरची पायरोजेन चाचणी बंद करायची आहे: एलएएल, आरएफसी की मॅट?

क्यूसी_इंजेक्शन विचारतात:

नमस्कार मंडळी. इंजेक्शनच्या एका उत्पादनासाठी सशांवरची पायरोजेन (ताप आणणारे पदार्थ) चाचणी कायमची बंद करायची आहे. उत्पादन प्रथिनाचं आहे. ताकद १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, शिरेतून एका तासात जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम प्रति किलो. बफर सायट्रेटचं, पीएच ६, सोबत ०.०२ टक्के पॉलिसॉर्बेट ८०.

आरएफसी (रिकॉम्बिनंट फॅक्टर सी) किटवर, म्हणजे जिवाणूंच्या भिंतीतला ताप आणणारा भाग, एंडोटॉक्सिन, मोजणाऱ्या किटवर, प्राथमिक चाचण्या झाल्या. १:१० पातळ केलेल्या सॅम्पलमध्ये स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या एंडोटॉक्सिनपैकी परत मोजलेला हिस्सा) २८ टक्के आली, १:१०० ला ९२ टक्के. इथवर ठीक वाटलं. मग न पातळ केलेल्या व्हायलमध्ये एंडोटॉक्सिन टाकून ती सात दिवस फ्रिजमध्ये ठेवली आणि १:१०० करून तपासली, तर रिकव्हरी ३५ टक्के. विश्लेषक तोच, किटचा लॉटही तोच.

प्रश्न असे: १:१०० बरोबर आहे का, आणखी किती पातळ करता येईल? सातव्या दिवशी रिकव्हरी का घसरली? एंडोटॉक्सिन चाचणी पुरेशी आहे की मॅटही (मोनोसाइट अ‍ॅक्टिव्हेशन टेस्ट, माणसाच्या रक्तपेशींवरची पायरोजेन चाचणी) करावी लागेल? युरोपातल्या ग्राहकाला सशांचा निकाल अजिबात नको आहे.

लॅम्डा_००५:

आधी गणित, म्हणजे पहिला प्रश्न मिटेल. शिरेतून द्यायच्या औषधाला मर्यादा ५ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) प्रति किलो प्रति तास. तुमचा डोस ५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे मर्यादा १ ईयू प्रति मिलिग्रॅम. ताकद १० मिलिग्रॅम, म्हणजे उत्पादनाच्या एका मिलिलिटरमागे १० ईयू चालतील. आरएफसीच्या स्टँडर्ड वक्राचं (ज्ञात एंडोटॉक्सिनवरून काढलेल्या) सगळ्यात खालचं टोक ०.००५ ईयू असेल तर १० भागिले ०.००५, म्हणजे कमाल पातळीकरण १:२०००. तुम्ही १:१०० वर आहात, मर्यादेच्या खूप आत. त्या पातळीवर उत्पादनातलं ०.५ ईयू प्रति मिलिलिटर दिसतं, म्हणजे मर्यादेच्या विसाव्या हिश्शापर्यंत नजर पोचते. १:१००० वर गेलात तरी नियमात बसेल, पण विनाकारण जाऊ नका. बॅच-बॅचमधला बदल आधी कमी पातळीवरच दिसतो आणि तो दिसायला हवा.

औषध पाठीच्या कण्यात द्यायचं असेल तर मात्र ५ च्या जागी ०.२ धरावं लागतं आणि सगळं गणित पंचवीस पटीनं आवळतं. काही उत्पादनं दोन्ही मार्गांनी दिली जातात, तिथे हा आकडा चुकीचा धरलेला पुष्कळदा दिसतो.

१:१० ला आलेले २८ टक्के हा साधा अडथळा आहे. सायट्रेट मॅग्नेशियम-कॅल्शियम पकडून ठेवतं, प्रथिन जास्त असतं, एन्झाइमला काम करता येत नाही. पातळ केलं की सुटतं. रिकव्हरी ५० ते २०० टक्क्यांत आली की ते पातळीकरण वापरण्याजोगं.

आता हाताची कामं, कारण आरएफसीतल्या निम्म्या चुका किटच्या बाहेर होतात. काच बोरोसिलिकेटची, २५० अंशांवर किमान ३० मिनिटं भाजलेली. एंडोटॉक्सिनचं स्टँडर्ड (ज्ञात प्रमाणाचं द्रावण) पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत पातळ करू नका. एंडोटॉक्सिन भिंतीला चिकटतं आणि वक्राचं खालचं टोक कोसळतं. मूळ स्टँडर्ड पाण्यात विरघळवल्यावर व्हॉर्टेक्सवर पूर्ण १५ मिनिटं, पुढच्या प्रत्येक पातळीकरणाला एक मिनिट. घाई केली तर ०.०५ आणि ०.००५ चे बिंदू रेषेवरून घसरतात आणि दोष किटला दिला जातो. प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर सॅम्पल, ३७ अंशांवर दहा मिनिटं गरम, मग १०० मायक्रोलिटर अभिक्रिया-मिश्रण. लगेच एक वाचन आणि तासाभरानं दुसरं. वापरायचा तो दोन्हींतला फरक. उत्तेजन ३८० आणि उत्सर्जन ४४० नॅनोमीटर. सॅम्पल स्वतःच त्या पट्ट्यात चमकत असेल तर शून्य मिनिटाच्या वाचनातच कळतं, म्हणून पहिलं वाचन कधीही गाळू नका.

प्रत्येक सॅम्पलशेजारी स्पाइक केलेलं सॅम्पल हवंच, आणि स्पाइक वक्राच्या मध्यावर, ०.०५ ते ०.५ ईयूच्या आसपास.

मास्किंग_वाचक:

वरचं सगळं मान्य. फक्त सातव्या दिवसाचे ३५ टक्के या गणितानं सुटणार नाहीत. तो वेगळा आजार आहे.

पातळ केल्यावर सुटतो तो अडथळा. पातळ करूनही जे परत येत नाही ते मास्किंग, ज्याला उद्योगात लो एंडोटॉक्सिन रिकव्हरी म्हणतात. तुमच्या व्हायलमध्ये त्याची दोन्ही कारणं एकत्र आहेत. एंडोटॉक्सिनचे रेणू एकेकटे नसतात, त्यांचे पुंजके असतात आणि त्या पुंजक्यांना मॅग्नेशियम-कॅल्शियम बांधून ठेवतात. सायट्रेट ते धातू काढून घेतं, पुंजके सैल पडतात, मग पॉलिसॉर्बेट आत शिरून त्यांना सुटे करतं. फॅक्टर सी या एन्झाइमला पुंजका लागतो, सुटा रेणू त्याला जवळपास दिसत नाही. हे तासा-दिवसांत घडतं, म्हणून पहिल्या दिवशी ९२ आणि सातव्या दिवशी ३५. एलएएलमध्येही (हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींपासूनची एंडोटॉक्सिन चाचणी) हेच दिसेल, कारण तिथेही सुरुवात फॅक्टर सीपासूनच होते.

यावर नीट होल्ड-टाइम अभ्यास करा. न पातळ केलेल्या उत्पादनात १० ईयू प्रति मिलिलिटरच्या आसपास स्पाइक, ०, १, ३ आणि ७ दिवस, उत्पादन साठवता त्याच तापमानाला आणि त्याच व्हायल-बूचमध्ये. शेजारी तेवढंच स्पाइक केलेलं पाणी, तशाच व्हायलमध्ये. पाण्यातलीही रिकव्हरी घसरली तर दोष काचेचा किंवा बुचाचा आहे, औषधाचा नाही. हे पाण्याचं नियंत्रण विसरलं गेलं तर अख्खा अभ्यास वाया जातो.

मास्किंग पक्कं झालं तर दोन वाटा. पहिली, सॅम्पल तयार करताना मॅग्नेशियम क्लोराइड घाला. १० ते ५० मिलिमोल प्रति लिटर अशा दोन-तीन पातळ्या करून बघा, पुंजके पुन्हा जुळतात का ते. मॅग्नेशियमचं द्रावण स्वतः एंडोटॉक्सिनमुक्त असल्याचं आधी तपासा. दुसरी आणि खरी वाट फॉर्म्युलेशनची: सायट्रेटऐवजी हिस्टिडिन बफरमध्ये हा त्रास सहसा कमी असतो. उत्पादन विकासात असेल तर आत्ताच फॉर्म्युलेशनवाल्यांशी बोला, नोंदणी झाल्यावर बफर बदलणं फार महागात जातं.

हे टाळू नका, कारण मास्किंग न सुटलेल्या उत्पादनांना अमेरिकी एफडीएनं याआधी सशांचीच चाचणी करायला सांगितलेलं आहे. ससा दाराबाहेर काढला आणि तो खिडकीतून परत आला, असं होतं.

क्यूसी_इंजेक्शन:

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. पाण्याचं नियंत्रण ठेवलं नव्हतं, आता नव्यानं सुरू करतो. मॅटचं काय? आणि एलएएल आधीच प्रमाणित आहे, तर आरएफसीच का?

निळे_रक्त:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. एलएएल ही सशाला पर्याय आहे, प्राण्याला नाही. अभिकर्मक येतो तो हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींतून. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हे प्राणी पकडून त्यांचं निळं रक्त काढतात आणि परत सोडतात. त्यातले काही वाचत नाहीत. नावात क्रॅब असला तरी तो खेकड्यापेक्षा कोळ्याच्या जवळचा. ओडिशातल्या बालासोरच्या किनाऱ्यावर आपल्याकडेही आहे.

आरएफसी म्हणजे त्याच प्राण्याचं फॅक्टर सीचं जनुक पेशींत घालून तयार केलेलं प्रथिन. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात जीक लिंग डिंग आणि बो हो यांनी हे काम केलं. त्यानंतर प्राणी पकडायची गरज उरत नाही. दुसरा फायदा तांत्रिक आहे: एलएएलमध्ये फॅक्टर जीची वाट उघडी असते, ती बुरशी किंवा सेल्युलोज फिल्टरमधून आलेल्या बीटा-ग्लुकॅनवर पेटते आणि खोटा पॉझिटिव्ह देते. आरएफसीत ती वाटच नाही.

युरोपीय फार्माकोपियात (औषधांच्या मानकांचा अधिकृत ग्रंथ) आरएफसीचं स्वतंत्र प्रकरण, २.६.३२, जानेवारी २०२१ पासून लागू आहे. अमेरिकी फार्माकोपियाचं ८६ वं प्रकरण मे २०२५ पासून. त्यामुळे 'पर्यायी पद्धत' म्हणून शून्यापासून सिद्ध करायचा डोंगर उरलेला नाही. तुमच्या उत्पादनावर ती चालते एवढं मात्र दाखवावंच लागतं.

मोनोसाइट:

मॅटबद्दल. एलएएल किंवा आरएफसी फक्त एंडोटॉक्सिन बघतात, म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या भिंतीतला भाग. ताप आणणाऱ्या बाकीच्या गोष्टी, ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंचे तुकडे, फ्लॅजेलिन, बुरशीचे घटक, त्यांना दिसत नाहीत. सशाला दिसायचे. म्हणून ससा काढताना 'एंडोटॉक्सिन पुरे' म्हणायचं तर जोखीम-मूल्यांकनात लिहून दाखवावं लागतं: कच्चा माल कुठला, पेशी कुठल्या, शुद्धीकरणाच्या कुठल्या पायरीवर काय निघून जातं. एंडोटॉक्सिनेतर पायरोजेन येण्याची शक्यता नाकारता येत नसेल तर मॅट. तुमचं प्रथिन ई. कोलायमध्ये बनत असेल तर विकासाच्या टप्प्यात एकदा तरी मॅट करून ठेवाच, पुढे प्रश्न आला की उत्तर हाताशी राहतं.

मॅटमध्ये माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशींना सॅम्पल देतात आणि त्या किती इंटरल्युकिन-६ (दाहाचा संकेत देणारं प्रथिन) सोडतात ते एलायझानं (अँटिबॉडीवर आधारित चाचणी) मोजतात. गोठवलेल्या पेशींचा अनेक दात्यांचा पूल घ्या. एकट्या दात्याच्या पेशी एका पायरोजेनला थंड असू शकतात. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात धरा आणि मुगाच्या दाण्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढा. पूर्ण वितळू दिलं तर डीएमएसओ (गोठवताना घातलेलं द्रावक) पेशींना मारत बसतो. मग माध्यम थेंबाथेंबानं घाला, एकदम ओतलं की पेशी फुटतात. ट्रिपॅन ब्लूवर (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) ८० टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर ती व्हायल टाकून द्या. प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) साधारण एक लाख पेशी, माध्यमात थोडं मानवी सीरम. सीरम गाळलं तर एंडोटॉक्सिनचा प्रतिसादच मंदावतो, कारण ते पेशीपर्यंत पोचवणारं प्रथिन सीरममध्ये असतं. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, रात्रभर, १६ ते २४ तास. कडेच्या वेलमध्ये नुसतं माध्यम भरा, तिथलं पाणी उडतं आणि आकडे फुगतात.

गणित तुमच्याच आकड्यांवर: मर्यादा १० ईयू प्रति मिलिलिटर, मॅटची शोधमर्यादा ०.०५ ईयू आली तर कमाल पातळीकरण १:२००. आरएफसीपेक्षा जागा दहापट कमी, हे आधीच लक्षात ठेवा.

पडताळणीत नुसतं एंडोटॉक्सिन टाकून भागत नाही. फ्लॅजेलिन आणि टीएलआर२ ला (पेशीवरचा, जिवाणूंचे घटक ओळखणारा ग्राहक) चेतवणारा एक पदार्थ, असे किमान दोन एंडोटॉक्सिनेतर पायरोजेनही घ्या. नाहीतर महागड्या पेशी वापरून पुन्हा एलएएलच केल्यासारखं होतं. दोन सापळे तपासा. औषध स्वतः पेशींना दाबतं का? डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड इंटरल्युकिन-६ खाली पाडतं आणि घाणेरडी बॅचही स्वच्छ दिसते. आणि औषध एलायझात अडथळा आणतं का? त्यासाठी पेशींशिवाय, नुसत्या इंटरल्युकिन-६ च्या स्टँडर्डमध्ये औषध घालून बघा. मुळातच पायरोजेन असलेल्या उत्पादनांना, उदाहरणार्थ बाह्यपटलाचे पुटिकाकण असलेली मेनिंगोकोकल बी लस, मर्यादेवर पास-नापास करताच येत नाही. तिथे प्रत्येक बॅच संदर्भ-बॅचशी ताडून बघतात.

मास्किंगसाठी मॅटवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. काही फॉर्म्युलेशनमध्ये मोनोसाइट मास्क झालेलं एंडोटॉक्सिन ओळखतात, काहींत नाही. होल्ड-टाइम अभ्यासाचीच सॅम्पलं मॅटमध्येही टाका, दोन्ही रेषा एका आलेखावर काढा.

नियम_फाइल:

नियमांचं थोडक्यात, कारण इथे पुष्कळ गोंधळ होतो. मार्च २०२३ मध्ये आपल्या नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत बदल झाला आणि प्राण्यांऐवजी पेशी, ऑर्गन-ऑन-चिप, संगणकीय पद्धती वापरायला जागा मिळाली. तो बदल नव्या औषधाच्या क्लिनिकलपूर्व अभ्यासांपुरता आहे. बॅच-रिलीजच्या (बॅच बाजारात सोडण्यापूर्वीच्या) चाचणीसाठी त्याचा हवाला देऊ नका. तिथे फार्माकोपिया बघायचा. भारतीय फार्माकोपियानं २०१८ च्या आवृत्तीतच सशांच्या जागी एंडोटॉक्सिन चाचणी किंवा मॅट वापरायची मुभा दिली. युरोपीय फार्माकोपियानं २०२१ मध्ये सशांची चाचणी पाच वर्षांत काढायचं ठरवलं, जून २०२४ मध्ये सुधारित मजकूर स्वीकारले आणि ते जुलै २०२५ पासून लागू झाले. पायरोजेनसाठी कुठली चाचणी निवडायची याचं मार्गदर्शन आता ५.१.१३ या प्रकरणात आहे. तुमच्या ग्राहकाची मागणी तिथून आली आहे.

फाइलमध्ये जोखीम-मूल्यांकन आधी, पद्धत-पडताळणी नंतर आणि होल्ड-टाइमचे कच्चे आकडे सोबत लावा. नुसता 'पास' शेरा लिहिलेला असला तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

क्यूसी_इंजेक्शन:

प्रथिन ई. कोलायमध्येच बनतं, त्यामुळे मॅट धरतोच. एक शेवटचं: होल्ड-टाइमच्या स्पाइकसाठी किटमधलं कंट्रोल स्टँडर्ड चालेल का?

मास्किंग_वाचक:

तेच घ्या, ते शुद्ध असतं आणि तुलना सोपी जाते. जमल्यास दुसऱ्या मालिकेत ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या कल्चरमधून मिळवलेलं नैसर्गिक एंडोटॉक्सिनही ठेवा. प्रत्यक्ष दूषण झालं तर ते त्या रूपात येतं, आणि शुद्ध केलेल्या एंडोटॉक्सिनइतकं सहज मास्क होत नाही. स्पाइकचा आकारमान-हिस्सा उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आत ठेवा, नाहीतर बफरच पातळ होतो आणि मास्किंग आहे तेवढं दिसत नाही.