मागवलं एक ॲप, आला अख्खा डेस्कटॉप. हे बरोबर आहे का?

जुनाच_लॅपटॉप:
मंडळी, ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर डेबियन (लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार संच) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू, सेटिंग्जचा संच), एकदम मस्त चाललंय. परवा पीडीएफवर खुणा करायला ऑक्युलर टाकायला गेलो तर ॲप्टने (पॅकेज टाकणाऱ्या टूलने) केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या तुकड्यांची ही भली मोठी यादी काढली, केआयओ काय, केडेड काय, केवॉलेट काय, अहो मला फक्त पीडीएफ वाचायची होती! तरी टाकलं, तर टूलबारवरची निम्मी बटणं कोरी, आयकॉनच नाहीत. मग ग्नोम या आणखी एका डेस्कटॉपचं कॅलेंडर बघितलं. ते उघडतं, पण ऑनलाइन अकाउंट जोडायला गेलं की ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये जा म्हणतं आणि त्या माझ्याकडे नाहीतच. आपण लोकांना सांगतो की फ्री सॉफ्टवेअर कुठेही चालवा, मग ॲपने एकाच डेस्कटॉपच्या गळ्यात गळा घालून बसावं का? की माझ्याच अपेक्षा जास्त आहेत?

टर्मिनल_तात्या:
यात दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

ऑक्युलरची यादी लांब दिसते पण त्यात बहुतेक नुसत्या लायब्ररी (ॲप्सना लागणारा तयार कोड) आहेत, डिस्कवर पडून राहतात, ॲप बंद केलं की रॅमही फारशी खात नाहीत. पूर्वी केडीईचा सगळा पसारा एकाच गठ्ठ्यात यायचा, २०१४ मध्ये फ्रेमवर्क्स ५ हा त्यांच्या लायब्ररींचा नवा संच आला तेव्हा त्यांनी तो फोडून ६० च्या आसपास तुकडे केले ते याचसाठी, की ज्याला जेवढं हवं तेवढंच त्याने घ्यावं. कोऱ्या बटणांना ब्रीझ आयकॉन थीम टाका, बहुतेक होऊन जाईल. आणि यादी छाटायची म्हणून रेकमेंड्स (ॲप्टने सुचवलेली जोड पॅकेजं) बंद करून पॅकेजं टाकत असाल तर आधी ते थांबवा, आयकॉन नेमके तिथेच गळतात.

कॅलेंडरचं मात्र खरंच चुकीचं आहे. तिथे लायब्ररीचा प्रश्नच नाही, ॲप गृहीत धरतंय की शेजारी ग्नोमच्या सेटिंग्ज आहेतच, आणि त्या सेटिंग्जच्या डेस्कटॉप फाइलमध्ये (मेनूत कुठे दिसायचं ते सांगणारी फाइल) लिहिलंय की फक्त ग्नोममध्ये (आणि उबुंटूच्या जुन्या युनिटी डेस्कटॉपमध्ये) दिसायचं. म्हणजे पॅकेज टाकलं तरी तुमच्या मेनूत यायचं नाही. लिनक्स मिंट डिस्ट्रोवाल्यांना २०२४ मध्ये २२ व्या आवृत्तीसाठी अकाउंट जोडायची वेगळी छोटी खिडकी स्वतः लिहावी लागली, यावरून काय ते समजा. लायब्ररी हवी तेवढी वापरा, पण बाजूला कुठला डेस्कटॉप चालू आहे यावर ॲपचं चालणं-न चालणं ठरू नये.

हेडरबारवाली:
तात्या, बोलायला सोपं आहे. मी फावल्या वेळात एक छोटं ॲप लिहिते, एकटीच. लिबॲडवेटा ही ग्नोमची लायब्ररी घेतली की खिडकी लहान केल्यावर मांडणी आपोआप बदलते, डार्क मोड मिळतो, प्रेफरन्सेसच्या पानाला चार ओळी पुरतात. हे सगळं स्वतः लिहायचं, वर पाच डेस्कटॉप आणि लोकांच्या पंचवीस थीमवर तपासायचं, कुणी? २०१९ मध्ये जीटीके (ग्नोम ॲप्सच्या खिडक्या-बटणांची लायब्ररी) वापरणाऱ्या काही डेव्हलपरांनी डिस्ट्रोवाल्यांना जाहीर पत्र लिहिलं होतं की आमच्या ॲप्सवर थीम चढवू नका, तेव्हा त्यांना खूप शिव्या पडल्या. पण थीममुळे काळ्यावर काळी अक्षरं दिसायला लागली की बग डिस्ट्रोकडे जात नाही हो, माझ्याकडे येतो. आणि माझं ॲप एक्सएफसीईवर चालतं की, फक्त वेगळं दिसतं. दिसणं आणि चालणं यात फरक करा जरा.

काठावरचा_पेंग्विन:
दिसण्यापुरतं असतं तर कोण भांडलं असतं? ट्रे आयकॉन घ्या, पट्टीवर घड्याळाशेजारी दिसतात ते. ग्नोमने ३.२६ मध्ये, म्हणजे २०१७ ला, जुना ट्रेच काढून टाकला आणि जी ॲप्स खिडकी बंद केल्यावर ट्रेमध्ये जाऊन बसायची ती गायबच झाली, चालू आहेत पण हात लावायला जागा नाही. उबुंटूला एक्स्टेन्शन घालून ते परत आणावं लागलं. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) खिडकीची पट्टी डेस्कटॉपने काढायची की ॲपने, त्यावर तर किती वर्षं वाद चाललाय, ग्नोम म्हणतं तुझी तू काढ. मिंटने २०१६ पासून एक्स-ॲप्स काढली ती याच वैतागातून, एडिटर, फोटो बघायचं, पीडीएफ बघायचं, सगळं फोर्क करून, म्हणजे असलेल्या ॲपची प्रत घेऊन ती वेगळी वाढवून. म्हणजे तेच काम दोनदा. आणि जीटीके मुळात जिम्प या चित्रांच्या ॲपसाठी लिहिली गेली, तेव्हा ग्नोम जन्मालाही आलं नव्हतं! आता लिनक्सवाल्या टॉरवाल्ड्सचं सबसर्फेस आणि वायरशार्क ही दोन्ही ॲप्स जीटीके सोडून क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीवर गेली, उगाच गेली का?

टर्मिनल_तात्या:
@काठावरचा_पेंग्विन, क्यूटीचं फार कौतुक नको. १९९७ मध्ये ग्नोम सुरूच झालं ते क्यूटीचं लायसन्स तेव्हा फ्री नव्हतं म्हणून. ते पुढे सुटलं, पण पाया कुणाच्या तरी हातात असतोच. आणि एक्सएफसीईने पण २०२० मध्ये ४.१६ ला स्वतःच्या सेटिंग्जच्या खिडक्यांना ग्नोमसारखे हेडरबार (ॲपने स्वतः काढलेली वरची पट्टी) लावलेच की, तेव्हा आपल्यातलेच लोक किती तापले होते.

@हेडरबारवाली, दिसण्याबद्दल तुमचं पटलं, थीमचा हट्ट सोडायला मी तयार आहे. फक्त पासवर्ड ठेवायचा असेल तर सिक्रेट सर्व्हिस या सामायिक पद्धतीने ठेवा, ग्नोम कीरिंग तीच भाषा बोलतं, केडीईचं केवॉलेटही आता बोलतं. फाइल उघडायची तर पोर्टल (डेस्कटॉपकडेच खिडकी मागायची सोय) वापरा, मग ज्याच्या त्याच्या डेस्कटॉपची खिडकी उघडते. फोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या केडीई कनेक्टचं बघा, नाव केडीईचं, पण प्रोटोकॉल उघडा आहे म्हणून ग्नोमवाल्यांनी त्यावर जीएसकनेक्ट लिहिलं आणि त्याच फोन ॲपशी ते बोलतं.

हेडरबारवाली:
पोर्टल आधीपासून आहे, फ्लॅटपॅकमुळे (ॲप वेगळ्या बंद डब्यात चालवायची पद्धत) करावंच लागलं. पासवर्डचं बघते.

शाळेतला_लॅबवाला:
तुम्ही सगळे खिडक्यांवर भांडताय, आमची अडचण मराठी टायपिंगची. ग्नोममध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायची सोय) आतच जोडलेलं असतं, मुलं सेटिंग्जमधून मराठी निवडतात आणि टाइप करतात. एक्सएफसीईवर जीटीके ॲपमध्ये मराठी उमटतं आणि क्यूटीच्या ॲपमध्ये उमटतच नाही असं झालं की अर्धा तास गेला. डेबियनवर आयएम-कॉन्फिग (टायपिंगची सोय निवडायचं टूल) चालवून एकदा लॉगआउट केलं की बहुतेक वेळा सुटतं. नाहीतर आयबस विसरा आणि कीबोर्डच्या लेआउटमध्येच मराठी कगप फोनेटिक निवडा, ते एक्सकेबीतून, म्हणजे सिस्टिमच्या कीबोर्ड लेआउटमधून येतं, सगळीकडे सारखं चालतं.

जुनाच_लॅपटॉप:
ब्रीझ टाकलं, बटणं आली! ऑक्युलर ठेवतोय. कॅलेंडर काढून थंडरबर्ड (ईमेल आणि कॅलेंडरचं ॲप) लावलं, त्याला कुणाच्या सेटिंग्ज लागत नाहीत. पण लॉगिन केल्यावर केवॉलेट मधूनच पासवर्ड मागत उगवतं, त्याचं काय करू?

टर्मिनल_तात्या:
होम फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिगच्या आत केवॉलेटआरसी नावाची फाइल असेल, नसेल तर करा, त्यात वॉलेटच्या सेक्शनखाली एनेबल्ड फॉल्स लिहा. ऑक्युलरचं काही अडत नाही.